डुबीची सोय

‘पाय उचला, बाय. पडघ्यावर उभ्या हाव तुमी.’

आबा मला उद्देशून बोलले ते पहिलं वाक्य हे. मी नुकतीच होडीतून उतरले होते. एका हातात चपला, दुसऱ्या हातात साडीच्या निऱ्या, डोक्यावर वैशाखाचं ऊन. पुढे खाडी, मागे खाडी, खाली चिखल. पडघा कुठे नि मी कुठे! पडघा तिकडे नाशिकच्या रस्त्याला, ट्रकवाले चहाला थांबतात तिथे, आणि मी कशेळीसमोर खाडीच्या मधोमध. मला वाटलं, म्हातारा उन्हाने कामातून गेलाय. तरी पाय उचलला. त्यांनी वाकून माझ्या पावलाचा ठसा हाताने सारखा केला नि म्हणाले, ‘हां. आता ठान्यावर ठेवा. ठानं घट्ट हाय.’

मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. हे आकाशाकडे बघत होते. चूक झाली की आमचे हे नेहमी आकाशाकडेच बघतात.

झालं होतं असं की मला डोकेदुखीने धरलं होतं. त्या वर्षांत भिवंडीच्या नारपोलीत घराला घर लागून कापडाचे लूम बसत होते. आमच्या भिंतीपलीकडे लूम, वर लूम, आणि घरात हे, लूम दुरुस्त करणारे जॉबर, झोपेतसुद्धा बोटांनी उशीवर खटखट करणारे. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. आता महाबळेश्वर वगैरे आमच्यासारख्यांनी फक्त कॅलेंडरवर बघायचं. पण ह्यांनी चहाच्या टपरीवर एक फळी लटकलेली पाहिली. खडूने लिहिलं होतं: ‘बेटावर खोली. हवापालट. डुबीची सोय. भाडे समक्ष.’

‘अगं, डुबीची सोय म्हणजे पोहायची सोय!’ हे घरी येऊन नाचायलाच लागले. लहानपणी गावच्या विहिरीत पोहायला शिकले होते, आणि ही गोष्ट लग्न ठरवायला आलेल्या माझ्या वडिलांनाही त्यांनी सांगितली होती. ‘बेट, खोली, चहूकडे पाणी. असं परदेशातले लोक करतात!’

टपरीवाल्याने एवढंच बजावलं होतं, की जाताना घरची एक पाटी माती न्यायची. कशाला, ते ह्यांनी विचारलं नाही. मला वाटलं तुळस लावायची असेल. बसमध्ये मी ती मातीची पाटी मांडीवर घेऊन बसले, तर कंडक्टरने आवाज खाली आणून विचारलं, ‘कोण गेलं, वहिनी?’

तर ती माती म्हणजे भाडं. आबा दुसरं भाडं घेतच नसत. जो राहायला येईल त्याने आपल्या दारातली एक पाटी माती आणायची, ती बेटावर टाकायची, नि हवे तितके दिवस राहायचं. पडघ्याहून कोणी मास्तर आले होते, त्यांची तांबडी माती होडी लागायची त्या कडेला पसरली होती, तो पडघा. त्याच्या शेजारी ठाणं. खोलीच्या मागे नाशिक, तिथे चूळ भरायची बंदी. दादर सगळ्यात उंचावर, कारण दादरचं कुटुंब मोठं होतं नि प्रत्येकाने वेगळी पाटी आणली होती.

आमची पाटी हातात घेऊन आबांनी मूठभर माती नाकाशी नेली. ‘नारपोली. सूत हाय हिच्यात. झ्याक! सुतानं माती धरून ऱ्हाते.’ मग त्यांनी ती आमच्या खाटेखाली नि उंबऱ्यापर्यंत पसरली. म्हणजे बघा, नारपोलीतून हवा पालटायला मी खाडी ओलांडून आले, आणि झोपले कुठे, तर नारपोलीवर. मी कपाळावर हात मारून घेतला.

खोली म्हणजे कुडाच्या चार भिंती. एक खाट, एक खुर्ची, एक मडकं. आणि एक चिंबोरी, चांगली पंज्याएवढी, जी कोपऱ्यातून डोळे वर काढून आमच्याकडे बघत होती. मी बाहेर धावले. ‘आबा, खोलीत चिंबोरी आहे!’

‘मना काय सांगताव? मी मालक. तक्रार म्यानेजरला सांगायची.’

‘मॅनेजर कुठे आहेत?’

‘बाहीर गेलेत.’

जरा वेळाने आबाच आले, पण डोक्यावर पांढरी टोपी. टोपी घातली की मॅनेजर, काढली की मालक, हा तिथला कायदा. ‘बोला, काय तक्रार?’ मी पुन्हा सगळं सांगितलं. मॅनेजर फार हळहळले. ‘काय करू, बाय? मालक लय हट्टी मानूस हाय. तरी बोलून बघतो.’ ते खोलीमागे गेले. तिथून दोघांचं भांडण आम्हाला ऐकू आलं, एकाच आवाजात. मालकाचा आवाज चढला, मॅनेजर गयावया करत होता. शेवटी टोपी सावरत ते परत आले, चेहरा पडलेला. ‘न्हाय ऐकत. मालक बोलतान, चिंबोरी तुमच्या आदीपासून ऱ्हाते.’

ह्यांना हसू आवरेना. मी मात्र ती रात्र खाटेवर पाय पोटाशी घेऊन काढली.

सकाळी डुबीची सोय कळली. दिवस वर आला नाही तोच आबांनी पत्र्याची बालदी वाजवली. ‘चला, चला! बेटाला न्ह्यारी द्यायची हाय!’

खाडीत डुबी मारून रेती काढणारी माणसं असतात हे भिवंडीत सगळ्यांना ठाऊक. तळाशी लांब बांबू रोवायचा, त्याला धरून बालदीसकट खाली जायचं, तळ खरवडायचा नि भरली बालदी घेऊन वर यायचं. त्याला म्हणायचं डुबी. ती माणसं रेती होड्यांत भरून विकायला नेत. आबा ती बेटावर टाकत. कारण प्रत्येक भरती बेटाची थोडी कड चावून नेई, आणि नेलं तेवढं परत आणलं नाही तर बेट उपाशी राहील, असं आबांचं म्हणणं. पाहुण्यांनी रोज सकाळी डुबी मारून एकेक बालदी भरायची. ही सोय.

‘परदेशात असंच असतं म्हणे,’ हे मला म्हणाले, पण आवाजात आदल्या दिवसाचा जोर नव्हता. बिचारे उतरले पाण्यात. पहिल्या डुबीला अर्धी बालदी चिखल आणला. दुसऱ्या डुबीला एक निवटी, चिखलातली मासळी, ती बालदीतून उडी मारून गेली. तिसऱ्या डुबीला बालदी भरून आणली, पण वर येईनात. नुसतं डोकं पाण्याबाहेर. मी घाबरून ओरडले, ‘अहो, काय झालं?’

‘टॉवेल टाक!’

चड्डी खाडीने ठेवून घेतली होती. आबांनी शांतपणे बालदी हातातून घेतली. ‘जाऊं द्या. ती बी बेटालाच लागली.’

दोन-तीन दिवसांनी ह्यांच्या लूमवरचा सुताच्या कांड्या भरणारा कांडीवाला निरोप घेऊन होडीने आला. त्याने पाहिलं, जॉबरसाहेब टॉवेल गुंडाळून गाळ थापतायत नि मी पदर खोचून पाटी उचलतेय. तो होडीतूनच म्हणाला, ‘भाभी, आप लोग इधर छुट्टी मना रहे हो कि सजा काट रहे हो?’ एक मात्र खरं, डोकं दुखायचं थांबलं होतं. कधी थांबलं तेही आठवेना.

जेवण आजी आणायच्या. आजी म्हणजे आबांची बायको. भरतीला पाणी कडेला लागलं की त्यांची होडी यायची, त्या एकट्याच बांबूने ती रेटत आणायच्या. लुगडं घट्ट कासोटा मारलेलं, कपाळावर आडवं कुंकू. तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं कालवण, कधी तळलेल्या निवट्या. आम्ही थाळ्या घेऊन काठाला उभं राहायचं, त्या होडीतून वाढायच्या. पण होडीतून खाली म्हणून उतरायच्या नाहीत. एकदा पळी त्यांच्या हातून निसटून बेटावर पडली, हातभर अंतरावर. त्या मला म्हणाल्या, ‘उचला, बाय. माझा हात लागाया नको तिथं.’

आबा जेवायचे ते तोंड दुसरीकडे करून. नवरा-बायको एकमेकांशी बोलत ते माझ्यामार्फत, मध्ये हातभर पाणी ठेवून. ‘तिला सांगा, मीठ कमी हाय.’ ‘त्यांना सांगा, खाडीत बसलाव, मीठ कमी कसा लागतंय?’

एकदा आबा डुबीला गेलेले पाहून मी विचारलंच. आजींनी बांबू आडवा ठेवला. ‘नारपोलीच्या अंगाला आमचं भाताचं शेत होतं. ह्यांच्या नावावर. लावनी मी करायची, कापनी मी करायची, चिखल माझ्या मांडीपतूर. एक दिस इळा घेऊन गेली, तं तिथं पाया खनत होते. लूमचं छप्पर घालायला. ह्यांनी जमीन इकली. मना इचारलं पन न्हाय! मना कळलं ते खननाऱ्याकडून.’ त्यांनी बांबूवर मूठ आपटली. ‘तवाच बोलली, ह्यांच्या नावावरच्या जमिनीवर परत पाय ठेवनार न्हाय. सुईच्या टोकाएवढी बी जागा असूं दे.’

‘मग कशेळीचं घर?’

‘ते पोराच्या नावावर हाय. म्हनून ऱ्हाते. ह्या बेटाला तं आज न्हाय उद्या ह्यांचं नाव लागनार.’

संध्याकाळी मी आबांना धरलं. टोपी नव्हती, म्हणजे मालक होते. ‘आबा, तुम्ही आजींना विचारायला हवं होतं.’

‘पायजे होतं,’ ते लगेच म्हणाले. मला वाटलं होतं भांडतील. ‘चुकलो मी. पोरं मागं लागली, लूमवाला दारात येऊन बसला, मी हां बोललो. त्या दिसापासून ती माझ्या हातचं पानी घेत न्हाय. म्हनून तर नवी जमीन करतो. हे खाडीतलं ढेकूळ कोनाचंच नव्हतं. सर्कलसाहेबांनी एकदा लिवून दिलं, का ही जमीन हाय नि माझी हाय, का मंग ती कशी येनार न्हाय? हितं दादरवर चूल घालून देनार तिला. शेत गेलं त्याच्या बदल्यात शेत दिलं, मंग राग कसला?’

माझ्या तोंडाशी आलं होतं, अहो आबा, त्या काय म्हणाल्यात ते नीट ऐकलंत का? पण म्हाताऱ्याचे डोळे असे चमकत होते की माझा धीर झाला नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा वाटलं, एकदा जमीन झाली की सगळं नीट होईल.

अडचण एकच होती. सरकारचं म्हणणं, उधाणाच्या भरतीला जी पूर्ण पाण्याखाली जाते ती जमीन नव्हे, खाडी. म्हणून अमावास्येच्या उधाणाला सर्कलसाहेब, म्हणजे तलाठ्यावरचे अधिकारी, स्वतः बेटावर येऊन बसणार होते. भर दुपारी पाणी चढेल तेवढं चढू द्यायचं. एक कोरडा तुकडा राहिला तरी बेट आबांच्या नावावर. सगळं बुडलं तर विषय संपला.

मग काय! बेटाला न्याहारी, जेवण, पुन्हा रात्रीचं जेवण सुरू झालं. आमचे हे डुब्या मारून काळे पडले. मी पाट्या वाहिल्या. ह्यांची रजा संपत आली होती, मी म्हटलं, वाढवा. ‘काय सांगू लूमच्या मालकाला?’ ‘सांगा, बायकोला बेट उचलायचंय.’ आबा रोज काठाला काठी रोवून पाणी बघायचे, रोज पुटपुटायचे. टोपी काढायची-घालायची विसरायला लागले. एकदा तर अर्धवट डोक्यावर घेऊन मला म्हणाले, ‘बाय, आज मी कोन हाय?’

अमावास्या आली. सर्कलसाहेब आले, छत्री, कातडी बॅग, आणि पाण्याची इतकी भीती की होडीतून उतरताना आबांच्या गळ्यालाच मिठी मारली. आबांनी त्यांना दादरवर खुर्ची घालून बसवलं. तेवढ्यात आजींची होडीही आली. साहेबांसाठी जेवण आणलं होतं. नेहमीसारखी होडी काठाला लावून त्या आत बसून राहिल्या, बांबू मांडीवर.

पाणी चढायला लागलं. आधी पडघा गेला. आबा म्हणाले, ‘पडघा गेला,’ आणि आवाज असा की जणू घरातलंच कोणी गेलं. मग ठाणं. मग नाशिक. मग साहेबांच्या वजनाने भुसभुशीत दादर खचला, त्यांच्या बुटांना पाणी लागलं नि त्यांनी पाय खुर्चीवर घेतले. ‘दादर बी गेला,’ आबा कुजबुजले. राहिली फक्त नारपोली, आमच्या उंबऱ्याशी, पोळपाटाएवढी. सुताने धरून ठेवली होती! आम्ही सगळे घोट्याएवढ्या पाण्यात तिच्याभोवती उभे राहिलो. हे मला म्हणाले, ‘श्वास घेऊ नकोस.’ जसं काही माझ्या श्वासाने लाट येणार होती. पण मी खरंच श्वास धरला. आबांनी दोन्ही हात जोडले होते, कोणाला ते माहीत नाही.

पाणी थांबलं. तेवढं कोरडं राहिलं. साहेबांनी पेन उघडलं, ‘ठीक आहे, एवढं दिसतंय म्हणजे...’ आणि तेवढ्यात पलीकडून रेतीने भरलेली एक होडी गेली. तिची लाट आली, आळसावलेली, बोटभर उंचीची. नारपोलीवरून सरसर गेली नि मागे फक्त पाणी राहिलं.



‘बुडलं, आबा,’ साहेब म्हणाले.

आबा एकदम तरातरा त्यांच्याकडे गेले. ‘साहेब, तुमी बुडलाव का?’

‘मी? नाही.’

‘मी बुडलो का? ही बाय बुडली का?’

‘नाही.’

‘आमी उभे हाव ना? पान्यावर कोन उभा ऱ्हातो? जमिनीवर उभे हाव म्हनून तं उभे हाव! मंग बेट कसा बुडला?’

साहेब वाईट माणूस नव्हते. खुर्चीवर उकिडवे बसून त्यांनी खूप विचार केला. घाम पुसला. मग म्हणाले, ‘तुमचं म्हणणं चुकीचं आहे असं मला सांगता येत नाही. पण नियमात बसत नाही हो. कोरडं दिसलं पाहिजे. मी लिहिणार, ही जमीन नाही.’

आबा पाण्यात मटकन खाली बसले, टोपी पडून तरंगत बाजूला गेली. मला रडू फुटलं. एका चिखलाच्या ढेकळासाठी मी रडेन असं मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण एवढ्या पाट्या! आणि तो म्हातारा, त्याला आता कधीच काही मिळणार नव्हतं.

‘साहेब,’ होडीतून आवाज आला. आजी उभ्या राहिल्या होत्या. ‘काय बोललाव? परत बोला.’

‘ही जमीन नाही, आजी. काय करणार?’

‘ह्यांच्या नावावर लागनार न्हाय?’

‘नाही.’

‘पुढं कंदी?’

‘कधीच नाही. जी जमीनच नाही ती नावावर कशी लागेल?’

‘म्हंजे इकता बी येनार न्हाय?’

साहेब जरा गोंधळले. ‘काय विकणार, आजी? पाणी?’

‘बरां,’ आजी म्हणाल्या.

त्यांनी बांबू पाण्यात रोवला, लुगडं वर खोचलं नि होडीतून खाली उतरल्या. जिथे पडघा होता तिथे, पाण्याखाली, पाय ठेवला. मग दुसरा. क्षणभर डगमगल्या, मी हात द्यायला धावले, पण आबा माझ्या आधी उठले होते. कमरेपर्यंत ओले, चिखलाने माखलेले. हाताला धरून आबांनी त्यांना ठाण्यावरून, नाशिकवरून सांभाळत आणलं, पार दादरपर्यंत. तिथे सर्कलसाहेब अजून खुर्चीवर पाय घेऊन बसले होते.

‘उठा, साहेब,’ आबा म्हणाले. ‘मालकीन आयली.’